जाहिरात नीट वाचावी

संगणकाला विसंगती खपत नाही. एखादा सेमीकोलन राहिला तरी तो अडून बसतो, आणि चूक असते एका ओळीत तर बोट ठेवतो पुढच्या ओळीवर. अशा काटेकोर यंत्राशी जन्मभर बोलायचं ठरवलेल्या पोरापोरींना नोकरी मात्र ज्या जगात शोधावी लागते, तिथे विसंगतीवाचून पान हलत नाही.

जाहिरातच बघा. वर लिहिलेलं असतं 'फ्रेशर्स चालतील' आणि खाली 'किमान दोन वर्षांचा अनुभव'. २०२० साली सेबास्टियन रामिरेझ या प्रोग्रामरला एक जाहिरात दिसली. फास्टएपीआय या साधनाचा चार वर्षांहून जास्त अनुभव हवा होता. रामिरेझ त्यात बसेनात, कारण ते साधन त्यांनीच तयार केलेलं, आणि त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालेलं. जन्मदात्यालाच जिथे अनुभव कमी पडतो, तिथे लातूरहून येऊन वाकडच्या पीजीत राहणाऱ्या पोरानं काय करावं?

पुढची अट असते 'इमिजिएट जॉइनर'. ही अट घालणारी कंपनी स्वतःच्या माणसाला मात्र ९० दिवसांचा नोटीस पीरियड भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देत नाही. दुसऱ्याकडचा माणूस सोमवारी हवा, आपल्याकडचा तीन महिने हलता कामा नये.

मग राउंड सुरू होतात. शेवटचा एचआरचा. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" खरं उत्तर 'दुसऱ्या कंपनीत' हे दोघांनाही ठाऊक असतं, तरी एकजण मान खाली घालून 'इथंच, मोठ्या जबाबदारीवर' म्हणतो आणि दुसरा ते मनापासून लिहून घेतो. पॅकेजच्या आकड्यात ग्रॅच्युइटी धरलेली असते, आणि ती मिळायला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं. हा प्रश्न बहुधा त्याच हिशेबातून निघाला असावा. घरी काका मात्र एवढंच विचारतात, "ते सीटीसी राहू दे, हातात किती येणार?"

सध्या मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. परवा एका मुलीला मीही सगळे विचारतात तेच विचारलं: लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव. तिनं कागदावर चौकोन काढले, बाण काढले, एकेक बाण खोडून उलटा फिरवला. अगदी बिनचूक. "तुला काही विचारायचंय?" असं रिवाजाप्रमाणे विचारलं, तर म्हणाली, "सर, तुमच्याकडे हे रोज करावं लागतं का?"

त्या दिवशी सकाळपासून मी एका बिलात एक पैसा कमी का दिसतो, ते शोधत होतो. संगणक दशांशातली रक्कम दोनाच्या हिशेबात साठवतो, त्यात कधी कधी बारीक फरक पडतो. तो सापडायला लिंक्ड लिस्ट नव्हे, चिकाटी लागते. आणि ग्राहकाला फोन करून 'तुम्ही राउंडिंग कुठल्या टप्प्यावर करता?' असं विचारायचं धाडस लागतं. आमच्या धंद्यात ग्राहक म्हणतो, साधं हवं, पण त्यात सगळं हवं. उद्या हवं, पण काय हवं ते पुढच्या आठवड्यात ठरवू. त्यातून त्याला खरोखर काय हवंय ते काढून घेणं, हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे दुसऱ्यानं लिहून सोडून दिलेला कोड समजून घेणं.

या नजरेनं पाहिलं की ती वेडीवाकडी जाहिरात मला फार प्रामाणिक वाटू लागते. पुढे जसं काम येणार, त्याचा नमुनाच तिनं आधी दाखवलेला असतो.

म्हणून अटी वाचून कुणी अर्ज करायचं थांबू नये. त्या लिहिणाऱ्यालाही बहुतेकदा पुऱ्या करता येत नाहीत. फक्त शेवटी 'काही विचारायचंय?' असं म्हटलं की 'नाही सर' म्हणून उठू नये. अख्ख्या मुलाखतीत तेवढीच एक जागा अशी असते, जिचं उत्तर आदल्या रात्री गूगल करून पाठ करता येत नाही.