मुदतवाढ मिळणेबाबत

माझ्या लेखनाची सुरुवात कवितेनं झाली नाही, अर्जानं झाली.

'पर्यावरण प्रकल्प सादर करणेस चार दिवसांची मुदतवाढ मिळणेबाबत' हा माझा पहिला गंभीर मजकूर. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फुलस्केप कागद, निळी शाई, डावीकडं दोन बोटं समास, आणि 'प्रति'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत एकही खाडाखोड नाही. कच्चा एक, पक्का एक, आणि पक्क्यावर चहा सांडला म्हणून आणखी एक. तेवढ्या वेळात प्रकल्पाची चार पानं सहज झाली असती, हे आता कळतं.

'मिळणेबाबत' हा शब्द साधा नाही. बोलताना तो कुणी वापरत नाही. आईकडं 'भाकरी मिळणेबाबत' कुणी बोलल्याचं ऐकलंय? पण कागदावर तो शब्द आला की मागणारा माणूसच अदृश्य होतो. मुदतवाढ जणू वर आभाळात तयार आहे, फक्त खाली उतरायची राहिली आहे. मागायची लाज वाटू नये म्हणून अर्जाच्या मराठीनं ही सोय करून ठेवली आहे. 'ताप आला' असं लिहायचं नसतं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' लिहायचं. 'राहून गेलं' नाही, 'अपरिहार्य कारणास्तव'. आणि शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. विचार कुणी करायचा, ते नाही. तो आपोआप व्हावा.

प्रकल्पाचा विषय होता 'पंचगंगेचे प्रदूषण : कारणे व उपाय'. वर्गातल्या बहुतेकांचा हाच होता. आमच्या इचलकरंजीत याहून वेगळा विषय घेणारा पोरगा एक तर फार हुशार असायचा किंवा बाहेरगावचा. कारणं सगळ्यांना वासावरून पाठ होती आणि उपाय मागच्या वर्षीच्या प्रकल्पात होते. म्हणजे काम नुसतं उतरवून काढायचं होतं. तरी राहिलं.

सरांनी अर्ज घेतला, वाचला, मान वर करून माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणजे माझ्या तोंडाकडं नाही, डोक्याकडं. मग अर्ज खिशात घालून म्हणाले, "उद्या ये." मुदतवाढीच्या अर्जालाच मुदतवाढ मिळाली.

तसं या विद्येसाठी मला कॉलेजात जायची गरज नव्हती. मी खर्चीवाल्याचा पोरगा. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं; मधले माग, लाईट बिल, कामगाराचा पगार आणि रक्तदाब तेवढा आपला, अशा माणसाला आमच्याकडं खर्चीवाला म्हणतात. मजुरी पिकावर मिळते, तीही पैशांत. हे पीक शेतातलं नव्हे. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले त्याचा तो हिशोब. घरामागच्या शेडमध्ये आमचे चार साधे माग होते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठबळावर गावात पहिला यंत्रमाग सुरू केला, हे आम्हाला शाळेत शिकवलं. त्याला वडिलांची, म्हणजे अण्णांची, पुरवणी होती, "पहिला माग 1904 ला लागला, आणि पहिली उधारी त्याच आठवड्यात."

व्यवहाराचे पैसे किती दिवसांनी द्यायचे, त्याला गावात 'पेमेंट धारा' म्हणतात. धारा म्हटल्यावर काहीतरी वाहतंय असं वाटतं. ही ठिबकते. वीस दिवसांची ठरते, आणि चाळिसाव्या दिवशी पेढीवर गेलं की चहा मिळतो. "शनिवारी बघू की!" कुठला शनिवार, ते विचारायचं नसतं. अगदीच घाई असेल तर वटाव, म्हणजे लवकर पैसे देण्याची सूट, कापून घ्या आणि आत्ता न्या. अण्णा घरी येऊन "आज चहा बरा होता" म्हणाले, की पैसे मिळाले नाहीत हे आईला कळायचं आणि ती किराणा दुकानदाराला सांगायचा शनिवार ठरवायची.

पुढं या शनिवारावर सरकारनं कायद्याचा बडगा उगारला. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, असं 2006 च्या कायद्यात होतंच. फार कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग 2023 च्या अर्थसंकल्पातून प्राप्तिकर कायद्यात 43 बी (एच) हे कलम आलं. छोट्या उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तुमचा खर्च धरला जाणार नाही. त्यावर कर भरा. मार्च 2024 जवळ आला तसा कापडबाजाराला घाम फुटला. आणि वेळेवर पैसे द्यायला लावणाऱ्या या कलमावर देशातल्या व्यापाऱ्यांची मागणी काय होती? कलम लागू करायला मुदतवाढ!

आता मी याच गावात एका महाविद्यालयात शिकवतो. अर्ज देणारा होतो, तो घेणारा झालो. इतर गावांतल्या प्राध्यापकांना पोरांची खोटी कारणं ओळखावी लागतात. आमची अडचण उलटी आहे. इचलकरंजीत कुठलंही कारण खरं असू शकतं.

"सर, पाणी आलंतं." हे पहिलं. नगरपालिका होती तेव्हाही आणि 2022 साली महानगरपालिका झाली त्यानंतरही नळाला पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांनी, कधी पाच. कृष्णेच्या जलवाहिनीला गळती लागली की त्याच्याही पुढं. त्यामुळं पाण्याचा मान जावयासारखा. येणार हे माहीत असतं, कधी ते नसतं, आणि आलं की अख्खं घर उठून उभं. हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी तांब्या-फुलपात्रंसुद्धा. त्या दोन तासांत पाइप सोडून असाइनमेंट लिहायला बसणाऱ्या पोराला घरात ठेवतील का, हा मलाच प्रश्न पडतो.

"सर, बेंदूर होता." हे दुसरं. आमचा कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात येतो, लाकूड ओढण्याच्या शर्यती लागतात, आणि ज्यांच्या घरी बैल सोडा, बैलाचं कॅलेंडरही नाही, ती पोरंसुद्धा शर्यतीत मुख्य असल्यासारखी दोन दिवस गायब असतात.

"सर, लाईट गेलती." हे तिसरं. यंत्रमागाच्या गावात याला कुणी नाही म्हणू शकत नाही. लाईट गेली की माग थांबतात, खडखडाट थांबतो, आणि गावाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. अशा शांततेत खरं तर अभ्यास उत्तम होतो, असं मी एकदा वर्गात म्हणालो. "सर, त्या शांततेत झोप बी उत्तम लागती," असं मागच्या बाकावरून उत्तर आलं. रात्रंदिवस मागांच्या आवाजात वाढलेल्या पोराला शांतता झाली की काय करायचं ते समजत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

आणि चौथं कारण पुराचं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. जुलै-ऑगस्टात हे आकडे पोरांना पाढ्यांपेक्षा पक्के असतात. बत्तीस-तेहतीसला फोन सुरू होतात, "सर, तारीख पुढं जाणार काय?" 39 ला स्वरात आनंद लपत नाही. 43 नंतर मात्र फोन बंद होतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्या वर, शिरोलीपाशी महामार्ग बंद. त्या दिवसांत मुदत वाढवून द्या असा एकही अर्ज मला आला नाही. पाण्यात उभा असलेला माणूस अर्ज लिहीत नाही. अर्ज हे कोरड्या जमिनीवरचं वाङ्मय आहे.

पोरांना नावं ठेवावीत, तर विद्यापीठं तरी कुठं वेगळी आहेत? परीक्षेचा फॉर्म भरायच्या तारखा बघा. विनाविलंब, विलंब शुल्कासह आणि अतिविलंब शुल्कासह. वेळ तीन भावांत विकायला ठेवली आहे. 'अतिविलंब' हा शब्द ज्यानं काढला त्याला पोरांची नस बरोबर सापडली होती. माझ्या वर्गात तर काही जण तिसरी तारीख हीच खरी तारीख मानतात; पहिल्या दोन त्यांना रंगीत तालमीसारख्या वाटतात. आणि परीक्षाच पुढं गेली तर परिपत्रक काय सांगतं? 'अपरिहार्य कारणास्तव'. माझाच शब्द!

या सगळ्यावर कळस 2020 साली चढला. करोनाच्या त्या उन्हाळ्यात अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत, अशी महाराष्ट्र सरकारची भूमिका होती. विद्यापीठ अनुदान आयोगानं 6 जुलैला सांगितलं, सप्टेंबरअखेर घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 ऑगस्टला निकाल आला. परीक्षेशिवाय पदवी नाही. पण ज्या राज्याला 30 सप्टेंबरपर्यंत जमणार नाही, त्यानं आयोगाकडं मुदत वाढवून मागावी. बातमी वाचताना मला गलबलून आलं. विषय : अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणेस मुदतवाढ मिळणेबाबत! अख्खं राज्य फुलस्केप कागद हातात घेऊन स्टाफरूमच्या दारात उभं आहे, असं चित्र डोळ्यांपुढं आलं. परीक्षा पुढं ऑक्टोबरात गेल्या. त्या वर्षी एका पोरानं विचारलं, "सर, सरकारला मिळती, मग आमालाच का न्हाई?" मी म्हटलं, "विचार करून सांगतो." अजून करतोय.

अलीकडं अर्जांची भाषा मात्र फार सुधारली आहे. मोबाईलला सांगितलं की तो लिहून देतो. ज्या पोरानं तीन वर्षांत "सर, तेवढं बघा की" यापलीकडं वाक्य उच्चारलं नाही, तो रात्री अकराला लिहितो, 'आकस्मिकपणे उद्भवलेल्या कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे माझ्या शैक्षणिक वेळापत्रकावर विपरीत परिणाम झाला असून…' वाचताना मीच सावरून बसतो. एकाच्या अर्जाखाली 'आपला नम्र, (येथे आपले नाव लिहा)' असं होतं. तो कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळं मुदत सगळ्या वर्गाला द्यावी लागली.

असे अर्ज वाचले की मला माझा तो पहिला अर्ज आठवतो. त्यात मी 'तीव्र ज्वर' लिहिला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं.

"ताप आलाता?"

"हो सर."

"डोक्यात?"

मी डोक्याला हात लावला तर बोटांना कापसाचं तूस लागलं. मागाच्या शेडमध्ये रात्र काढली की ते केसांवर बसतंच. आमच्या घरात सगळ्यांचे केस रोज पिकायचे आणि आंघोळीनंतर परत काळे व्हायचे. आडव्या सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला न सांगता गावाकडं गेला होता. कांड्या नाहीत तर धोट्यात काय घालायचं, आणि धोटा रिकामा तर माग कशावर चालायचा? म्हणून दोन रात्री पहाटे चारपर्यंत कांडी मशीनवर मी बसलो होतो.

"मग हेच का लिहिलं न्हाईस?"

"सर, अर्जात बसंना."

खरंच बसत नव्हतं. 'कांडीवाला न आल्यामुळे' हे मी कच्च्या अर्जात लिहून बघितलं होतं. 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' यांच्या मध्ये ते वाक्य लग्नाच्या पंगतीत मळक्या कपड्यांनी येऊन बसल्यासारखं दिसलं. म्हणून त्याला उठवून ज्वराला बसवलं. सर हसले. त्यांनी 'तीव्र ज्वर'वर काट मारली, वर पेन्सिलीनं 'कांड्या भरत होता' असं लिहिलं, आणि खाली सही केली. चार दिवस मंजूर.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते मागाच्या खटपटीत होते.

"चार दिवस दिले? वटाव किती कापला?"

"काही न्हाई."

"बरं, व्याज?"

"ते बी न्हाई."

अण्णांनी चक्क माग बंद केला. बिनव्याजी, बिनवटावाची मुदत देणारा माणूस गावात आहे, ही बातमी त्यांना खडखडाटात नीट ऐकायची असावी. मग म्हणाले, "तसल्या माणसाचं बुडवू नये."

मी तिसऱ्या दिवशीच प्रकल्प नेऊन दिला. मार्क काठावरचे पडले. मुदत वाढली म्हणून अक्कल वाढत नाही. पंचगंगेचं प्रदूषणही कमी झालं नाही. पुढच्या वर्षीच्या पोरांनी माझ्याच प्रकल्पातून उपाय उतरवून घेतले.

गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला मोबाईलवर एक निरोप आला. 'सर रात्रपाळी होती. झोप लागली. सोमवारी देतो.' ना आदरणीय, ना नम्र, ना मिळणेबाबत. इतका सुंदर अर्ज मी वीस वर्षांत वाचला नव्हता. अंथरुणातूनच 'चालेल' असं लिहून टाकलं. वटाव नाही, व्याज नाही.

पोरगा मंगळवारी उगवला. मी आवाज शक्य तेवढा कडक करून म्हटलं, "सोमवार म्हणालातास."

"सर, सोमवारी पाणी आलंतं."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सोमवारी पहिला तास माझाही बुडाला होता. आमची पेठ आणि त्याची पेठ एकाच लाइनीवर आहे. आणि समोर टेबलावर माझा अर्धा दिवस रजेचा अर्ज सहीला जायचा होता. त्यात मी कारण लिहिलं होतं, 'अपरिहार्य'.