आधी पाण्याचं विचारा

जपानच्या सहलीत हल्ली एक रात्र ‘ओन्सेन’ची हवीच असते. गरम झऱ्याचं ऱ्योकान म्हणजे पारंपरिक सराई, खाली तातामीच्या चटया, अंगात युकाता झगा, समोर लहान लहान वाडग्यांतलं देखणं जेवण. फोटो सुरेख येतात. पाण्याविषयी मात्र कुणी चकार शब्द विचारत नाही.

ज्याच्यासाठी एवढा खर्च, त्याचीच चौकशी नको?

तिथला १९४८चा कायदा सांगतो, जमिनीतून निघणारं पाणी उगमापाशी २५ अंश सेल्सिअस भरलं की ते ओन्सेन. २५ अंश! उन्हाळ्यात आपल्या नळाला याहून गरम पाणी येतं. त्याहून थंड असलं तरी चालतं. ठरलेल्या १९ घटकांपैकी एक पुरेसा असला की झालं. पुढे ते तापवा, त्यात साधं पाणी मिसळा, गाळून तेच तेच फिरवा.

सगळं कायदेशीर.

नागानोतलं शिराहोने दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध. २००४ मध्ये कळलं, काही कुंडांत तो दुधाळपणा चक्क पावडरीचा होता. देशभर बोभाटा झाला. पाणी मिसळलंय का, तापवलंय का, फिरवून वापरताय का, काही टाकलंय का, हे फलकावर लिहिणं २००५ पासून सक्तीचं झालं.

फलक बहुधा कपडे बदलायच्या खोलीत असतो, जपानीत. भाषांतरासाठी फोन काढाल, तर तिथे फोनला बंदी. बंदी योग्यच आहे. पण म्हणूनच प्रश्न खोली घेण्याआधी विचारायला हवा.

जुनं नाव पुरेसं नाही का? नाही. २०२३ मध्ये फुकुओकातल्या दीडशे वर्षांच्या एका ऱ्योकानात कुंडाचं पाणी वर्षातून दोनदाच बदलत असल्याचं उघड झालं. नियम आठवड्यातून किमान एकदाचा. लेजिओनेला जंतू मर्यादेच्या ३,७०० पटींपर्यंत सापडले.

दोनदा. वर्षातून.

पाणी फिरवणं हा गुन्हा नव्हे. झरा लहान असेल तर इलाज नसतो, आणि क्लोरीन टाकणारा मालक पाहुण्याची काळजीच घेत असतो. लपवणं वाईट. उलट कुसात्सू या ओन्सेनच्या गावात पन्नास अंशांपुढचं पाणी पातळ होऊ नये म्हणून लांब फळ्यांनी ढवळून निववायची रीत आहे. पाण्याची कदर म्हणतात ती ही.

कदर पाहुण्यानेही करावी. आपल्याकडे चर्चा फक्त ‘कपडे काढावे लागतात का’ याची. लागतात. त्याहून महत्त्वाचं, कुंडात उतरण्याआधी बसून साबणाने अंग नीट धुवायचं. पाणी सगळ्यांचं एकच असतं.

तेव्हा बुकिंग करताना विचारा, ‘गेनसेन काकेनागाशी’ आहे का? म्हणजे झऱ्याचं पाणी सतत आत येतं, वाहून जातं, परत फिरवत नाहीत. असेल तर ऱ्योकान अभिमानाने सांगेल. नसेल तर पाणी कधी बदलता, ते विचारा. उत्तराची टाळाटाळ झाली, तर दुसरं ऱ्योकान बघा. टूरवाल्याला नाश्त्याचं विचारता ना? त्याच फोनवर हेही विचारा.