सोबत बाबा असल्यास चालेल

मे महिन्यात युरोपला निघालेल्या मराठी कुटुंबाकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. व्हिसाचे कागद कुठल्या पिशवीत, मेतकूट कुठल्या, लोणच्याची बरणी किती प्लास्टिकात गुंडाळायची, सहलीत पुरणपोळी कितव्या दिवशी, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. एका प्रश्नाची तयारी मात्र कुणीच केलेली नसते. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये बाबांसमोर लिटरभराचा मग येतो आणि शेजारी बसलेला दहावी पास दिवटा विचारतो, "बाबा, मी पण घेऊ?"

आई बाबांकडे बघते, बाबा टूर मॅनेजरकडे बघतात आणि टूर मॅनेजर घड्याळाकडे. वेटर तेवढा निवांत असतो. त्याच्या देशाच्या संसदेने हे उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय: मुलगा सोळाचा असेल, तर त्याने बाबांना विचारायचंही कारण नाही.

जर्मनीच्या युवक संरक्षण कायद्यानुसार सोळा पूर्ण झाले की बिअर आणि वाईन चालते. व्हिस्की, व्होडका, रम यांच्यासाठी अठरा लागतात. खरी गंमत याच्या खालच्या पायरीवर आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही हॉटेलात बिअर-वाईन घेता येते, फक्त सोबत पालक हवेत. म्हणजे आपल्याकडे जे बाबा समोर आले की ग्लास टेबलाखाली जातो, तेच बाबा तिथे समोर असले तरच ग्लास टेबलावर येतो.

आणि पालक म्हणजे कायद्याने ज्यांच्याकडे मुलाचा ताबा आहे तेच. दुसरं कुणी नाही. मामा चालत नाही. मराठी कुटुंबव्यवस्थेवर एवढा मोठा आघात आजवर कुठल्याही परकीय सत्तेने केला नसेल. मुंजीत भाच्याला मांडीवर घेण्यापासून पुढे कधीतरी गच्चीवर "आईला सांगू नकोस हं" म्हणत पहिला घोट देण्यापर्यंतची सगळी खाती आपण पिढ्यानपिढ्या मामाकडे सोपवलेली आहेत. जर्मन कायदा त्या मामाला बाजूच्या टेबलावर बसवतो. काका, मावसोबा आणि "मी यांना लहानपणापासून ओळखतो" म्हणणारे शेजारचे जोशीकाकाही तिथेच.

याच म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री आठनंतर बिअरच्या तंबूत थांबता येत नाही. आठ वाजेपर्यंत थांबता येतं. शिस्त म्हणतात ती ही.

इंग्लंडने मामाची सोय केली आहे. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पब किंवा रेस्टॉरंटमध्ये बिअर, वाईन किंवा सायडर पिता येतं, अटी दोन. विकत घेणारी आणि सोबत बसलेली व्यक्ती अठरा पूर्ण केलेली हवी आणि टेबलावर जेवण हवं. पालकच पाहिजेत असं नाही. एकोणीस वर्षांचा आतेभाऊही पुरतो, म्हणजे ज्याच्यापासून मुलाला लांब ठेवायचं म्हणून युरोपला आणलं, नेमका तोच. राहता राहिली जेवणाची अट. जेवण कशाला म्हणायचं यावर ब्रिटिश किती गंभीर होऊ शकतात हे २०२०च्या अखेरीस जगाने पाहिलं. करोनाच्या निर्बंधांत काही भागांतल्या पबमध्ये भरपेट जेवणासोबतच पेय मिळेल असा नियम आला, तेव्हा उकडलेल्या अंड्याला खिम्याचं आवरण देऊन तळलेलं 'स्कॉच एग' हे जेवण ठरतं का, यावर मंत्र्यांना मतं द्यावी लागली. पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी ते बहुधा ठरतं, असा निर्वाळा दिला. आपल्या लोकांनी या बळावर खिशातून चकली काढून टेबलावर ठेवू नये. चकली हे जेवण नव्हे, चकना आहे, आणि हे वेटरला माहीत नसलं तरी बाबांना पक्कं माहीत आहे.

याच देशात १९३३च्या कायद्याने पाच वर्षांखालच्या मुलाला घरातसुद्धा दारू देणं गुन्हा ठरवलं आहे, अपवाद औषधाचा. सर्दी झाली की बाळाला ब्रँडीचे दोन थेंब चाटवणाऱ्या आपल्या आज्या याच अपवादात बसवून घ्याव्यात, अशी विनंती आहे.

अटलांटिक ओलांडला की बाबांचं वजन एकदम घटतं. अमेरिकेत वय एकवीस. १९८४ साली रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने राज्यांना दम भरला की, एकविसाखालच्यांना दारू विकत मिळत राहिली तर महामार्गासाठी येणाऱ्या केंद्राच्या पैशाला कात्री लागेल. रस्त्यावर खड्डे की पोरांना बिअर, असा तो रोखठोक सौदा होता. १९८८पर्यंत सगळी राज्यं शहाणी झाली. आपल्याकडेही दारू आणि महामार्ग यांची गाठ पडली. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकू नका म्हटलं, तेव्हा काही राज्यांनी दुकानं हलवण्याऐवजी महामार्गांचाच दर्जा उतरवला. अमेरिकेत रस्त्यासाठी दारू लांबली, इथे दारूसाठी रस्ता लहान झाला.

तरी अमेरिकेतही विस्कॉन्सिनसारखं राज्य आहेच. तिथे आई-वडील किंवा कायदेशीर वयाचा जोडीदार सोबत असेल, तर एकविसाखालच्या व्यक्तीलाही बारमध्ये दारू मिळू शकते. द्यायची की नाही हे बारमालक ठरवतो. नवरा पालकांच्या रांगेत बसवणारा हा कायदा आपल्याकडच्या अनेक नवऱ्यांना मनापासून पटेल.

जपानने तर पटच बदलला. २०२२पासून तिथे अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण पिण्याचं वय वीसच ठेवलंय. पोरगं पिताना सापडलं तर पोराला शिक्षा नाही. माहीत असून न अडवणाऱ्या पालकाला दंड होऊ शकतो, विकणाऱ्यालाही होतो. म्युनिकमध्ये जे बाबा परवाना होते, ते टोकियोत आरोपी होतात. दुबईत वय एकवीस आणि पलीकडच्या शारजात दारूच नाही. स्वस्त म्हणून शारजात हॉटेल घेतलेल्या बाबांना हा सगळा प्रश्न एका टॅक्सीच्या अंतरात सुटल्याचा अनुभव येतो.

हे सगळं वाचून "काय हे यांचे विचित्र कायदे" म्हणणाऱ्यांनी जरा महाराष्ट्राकडे वळून पाहावं. आपल्याकडे १९४९चा कायदा आहे आणि त्याचं नाव दारूबंदी कायदा आहे. तो राबवणाऱ्या खात्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क. बंदीतून उत्पन्न काढणारी ही किमया जर्मनांना अजून साधलेली नाही. आपल्याकडे पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आयुष्यभराचाही. तो प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो. राज्यातली एवढी जनता शनिवारी संध्याकाळी प्रकृतीची काळजी घेते, हे पाहून ऊर भरून येतो.

वयाचं गणित तर याहून सुंदर. सौम्य बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला एकवीस लागतात आणि विधानसभेची लढवायला पंचवीस. म्हणजे राज्याने प्रत्येक पदासाठी पेय नेमून दिलेलं आहे: गावासाठी बिअर, मंत्रालयासाठी व्हिस्की. विधान परिषदेसाठी तीस लागतात. त्या ज्येष्ठ सभागृहासाठी कुठलंच पेय राखून ठेवलेलं नाही, ही उणीव सरकारने येत्या अधिवेशनात दूर करावी. मतदानाचं वय १९८९मध्ये एकविसावरून अठरावर आलं. सरकार निवडण्याची अक्कल अठराव्या वर्षी येते, पण त्या सरकारचा परिणाम सोसण्यासाठी लागणारं द्रव्य सात वर्षं उशिरा मिळतं.

आणि हे सगळं पत्रादेवीच्या नाक्यापर्यंतच. बांद्याहून निघालेला एकोणीस वर्षांचा सावंतवाडीकर नाका ओलांडून गोव्यात शिरला की सज्ञान होतो, कारण तिथे वय अठरा. परतताना तो पुन्हा बाळ होतो. कायद्याने माणसाचं वय मागे नेण्याचा हा प्रयोग च्यवन ऋषींनंतर सिंधुदुर्गातच यशस्वी झाला आहे.

तेव्हा हसायचं असेल तर सगळ्यांनाच हसावं लागेल. मुद्दा वेगळा आहे. जर्मनी, इंग्लंड, विस्कॉन्सिन ही मंडळी एका गृहीतकावर चालली आहेत: वडीलधारं माणूस सोबत असलं की मुलगा बेताने पितो. त्या वडीलधाऱ्याला बेत ठाऊक आहे, हे त्यांनी धरूनच टाकलंय. आपल्या बाबांची मात्र पंचाईत आहे. मुलाने त्यांना पिताना कधी पाहिलेलं नाही, असा त्यांचा समज आहे. वीस वर्षं त्यांनी स्टीलच्या पेल्यातून घेतलं, "पोट बिघडलंय, सोडा पितोय" म्हणत घेतलं, ऑफिसच्या पार्टीहून येताना तोंडात लवंग धरून आले. मुलाला चौथीतच सगळं कळलेलं होतं. सोडा एवढा पिवळा नसतो. असे बाबा म्युनिकला पोचतात आणि तिथला कायदा त्यांना सांगतो, आता तुम्ही याला शिकवा.

शिवाय जर्मन लोकांचाही या बाबा-भरवशावरचा विश्वास उडत चाललाय. पालकांसोबत चौदाव्या वर्षी पिण्याची ही सवलत काढून टाका, अशी मागणी तिथले डॉक्टर आणि राजकारणी करत आहेत. कार्ल लाउटरबाख यांनी आरोग्यमंत्री असताना तिला उघड पाठिंबा दिला. वाढत्या मेंदूला दारू घातकच, मग ती बाबांनी ओतली काय नि वेटरने ओतली काय, एवढं साधं त्यांचं म्हणणं. ज्या फ्रान्समध्ये १९५६पर्यंत शाळेच्या जेवणात लहान मुलांनाही वाईन चालायची, त्याने २००९मध्ये सरसकट अठरा केले. २०१२मध्ये इटलीने आणि २०१४मध्ये नेदरलँड्सने तेच केलं. "युरोपात सगळं चालतं हो" हे आपल्याकडचं ज्ञान युरोपातल्या युरोपात जुनं झालेलं आहे.

म्हणून आमची युरोपीय दूतावासांना एक नम्र सूचना आहे. मुलाचं वय पासपोर्टवर असतंच. व्हिसाच्या अर्जात बाबांसाठी चार प्रश्न वाढवावेत. एक: आपण घरी काचेच्या ग्लासातून पिता की स्टीलच्या पेल्यातून? दोन: आपल्या हिशेबात 'एकच' म्हणजे किती? तीन: मित्राने आग्रह केल्यावर शेवटचं 'नको' कोणत्या साली म्हणालात आणि ते कुणी ऐकलं का? चार: परत येताना ड्युटी फ्रीमधल्या माणशी दोन लिटरच्या सवलतीत मुलाचाही पासपोर्ट मोजण्याचा विचार आहे का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल, तर बाबांनाच पालकांसोबत यायला सांगावं.

तोवर निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. जिथे पाय, तिथला कायदा. महाराष्ट्राचे पंचवीस विमानात बसत नाहीत आणि म्युनिकचे सोळा परत येत नाहीत. परवानगी असली तरी वेटर नाही म्हणू शकतो आणि त्याच्याशी वाद घालायचा नसतो. जर्मनीत सफरचंदाचा रस आणि सोडा एकत्र करून देतात. रंगाने तो हुबेहूब बिअरसारखा दिसतो आणि फोटोत कुणाला कळत नाही. मुलासाठी तो मागवाच. बाबांनीही एकदा मागवून पाहावा, कारण मुलाला 'नको' म्हणायला शिकवायचं असेल, तर ते आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकू यावं लागतं.