तासिका तत्त्वास खुले पत्र

तासिका तत्त्वा,

तुला नमस्कार घालत नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या माणसांना तू वर्षानुवर्षे महाविद्यालयांच्या दारात ताटकळत ठेवलंस. नमस्कार घ्यावास असं तुझ्या हातून काही घडलेलं नाही.

घेतलेल्या तासाचे पैसे, बाकी शून्य. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी, वर्ष सुरू झालं की नव्याने मुलाखत. आमचा एक सहकारी सकाळी एका महाविद्यालयात दोन तास घेतो आणि एसटीने दुपारी दुसऱ्या तालुक्यात पोचतो. गेल्या वर्षी एका ठिकाणचा वर्कलोड घटला, त्याचे निम्मे तास गेले. घरभाडं निम्मं झालं नाही. तरी कागदोपत्री तो कामावरच! तू माणसाला धड नोकरी देत नाहीस आणि धड बेकारही होऊ देत नाहीस.

सरकारी मोजमाप तुझ्याच बाजूचं. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषात आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. जर्मनीत आठवड्याला 15 तासांहून कमी काम असलेला, काम शोधणारा माणूस बेकार म्हणून नोंद करू शकतो. आपल्याकडे राज्य कर्मचारी विमा महामंडळाची 2018 ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. कोरोनात तिचा भत्ता पगाराच्या पावपटीवरून निम्म्यावर नेला, हे चांगलंच झालं. पण तो मिळतो नोकरी पुरती सुटल्यावर, आणि उभ्या जन्मात फार तर 90 दिवस. निम्मे तास गेलेल्यासाठी तिथे खिडकीच नाही.

ती उघडता येते. दोन-तीन ठिकाणचे तास एकाच खात्यावर जमा व्हावेत. मागच्या वर्षापेक्षा तास घटले, की बुडालेल्या कमाईचा निम्मा भाग मिळावा. पुढे एखादा जादा तास मिळाला तर भत्ता तेवढ्याच रकमेने कापू नये, थोडा कापावा. नाहीतर तास घेऊन हाती काहीच उरणार नाही, मग तो घेईल कोण?

तू म्हणशील, संस्थाचालक मनमानी तास कापतील आणि बोजा विम्यावर ढकलतील. ढकलतीलच, आम्ही त्यांना ओळखून आहोत. म्हणून जो वारंवार तास कापेल त्याचा हप्ता वाढवायचा. अमेरिकेतल्या राज्यांत मालकाचा बेकारी-कर त्याने कामावरून काढलेल्या माणसांच्या हिशेबानेच कमी-जास्त होतो.

यंदा मुलाखतीला येताना पदव्यांच्या झेरॉक्ससोबत कापलेल्या तासांचं पत्रक जोडतो आहोत, विभागप्रमुखांच्या सहीचं. त्याची पोच दे.