पाणी बाळंतिणीला द्या

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर चढतो आणि घरोघरी तान्ह्या बाळांच्या तोंडाला पाण्याचा चमचा लागतो. “पोऱ्याले तीस लागनी व्हई,” आजी म्हणते, आणि दोन महिन्यांच्या जिवाला पाणी पाजलं जातं. आजीची काळजी सोळा आणे खरी. चमचा मात्र चुकीच्या तोंडाशी आहे.

आईच्या दुधात शंभरात जवळपास ८८ भाग पाणीच असतं. पहिले सहा महिने बाळाची तहान त्यावरच भागते, खानदेशच्या उन्हाळ्यातसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला उष्ण मुलखांसाठीही हाच आहे. वरचं पाणी दिलं की इवलंसं पोट त्यानंच भरतं, बाळ कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही आटतं. मग “हिला दूधच येत नाही” असा शिक्का बसतो आणि घरात पावडरचा डबा येतो. पाणी फारच पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. जादा पाणी बाहेर टाकणं त्या कोवळ्या मूत्रपिंडांना जमत नाही. आणि पाणी तरी कुठलं? काही दिवसांआड येणाऱ्या नळाचं, ड्रमात साठवलेलं. जुलाबांना आणखी काय लागतं?

त्याच घरात बाळंतिणीचं काय चालतं ते पाहा. जास्त पाणी प्यायलीस तर पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, म्हणून तिचा तांब्या मोजून भरायचा. खिडक्या बंद, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी. बाळाला टोपडं, झबलं, वर दुपट्याची गुंडाळी. भर मेमध्ये हे क्रूर आहे. जिच्या अंगातून बाळाला पाणी मिळायचं, तिलाच कोरडी ठेवायची!

लग्नसराईत तर आणखी हाल. मांडवात, बाजारात, एसटी स्टँडवर अंगावर पाजायला आडोसा नसतो. आई पाजणं पुढे ढकलते, बाळ रडतं, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे करतं. बसस्थानकांसाठी हिरकणी कक्षाची, म्हणजे पाजायच्या खोलीची, योजना आहे. तिथे पंखा, प्यायचं पाणी आणि आतून कडी हवीच. पण मांडवात आहेर लिहायला टेबल मांडतो, तिथेच एका कोपऱ्याला पडदा आणि कूलर लावायला कुणाची परवानगी लागते?

जागतिक स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला असतो, पावसाळ्यात. खानदेशात तो एप्रिलमध्येही भरवा. सुनांना समोर बसवून भाषणं देऊ नका. सासवांना, माहेरच्या आयांना, नवऱ्यांना बोलवा. आणि बोला अहिराणीत, लेवा बोलीत, सातपुड्याच्या पायथ्याला पावरीत.

घरात मात्र एप्रिलची वाट पाहायची गरज नाही. पाजायला बसण्याआधी बाळंतिणीच्या हाती भरलेला पेला द्या. रात्री तो तिच्या उशाशी ठेवायचं काम नवऱ्याचं. आठवडा उलटलेल्या बाळानं दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला केला, तर त्याला दूध पुरतंय. लंगोट कोरडे राहत असतील, बाळ सुस्त असेल, नीट ओढत नसेल किंवा अंग तापलं असेल, तर चमच्याने पाणी पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठा.