पन्नास हजार गुणिले पन्नास हजार

पाचवीतलं पोर पाटीवर करून दाखवेल. पाचापाचा पंचवीस, पुढे आठ शून्यं. अडीचशे कोटी.

२०२४च्या जूनपर्यंत विंडोजच्या कॉम्प्युटरवर हाच गुणाकार पायथनमधल्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीला ॲरेत घालून विचारला, की उत्तर यायचं उणे १७९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ना एरर, ना वॉर्निंग. शेजारच्या लिनक्सच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम चालवा, उत्तर अडीचशे कोटी.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी हे समोर बसून पाहिलं आहे. मुलानं तीन वेळा प्रोग्रॅम पुसून पुन्हा टाइप केला. सरांच्या लॅपटॉपवर उत्तर बरोबर येत होतं, म्हणजे चूक मुलाचीच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मुलानंही. जर्नलमध्ये शेवटी त्यानं सरांचं उत्तर उतरवून घेतलं आणि सही मिळवली. त्याचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता. त्या दिवशी तो काय शिकला, या प्रश्नाची टोचणी मला अजून आहे.

कारण साधं आहे. विंडोजवर सी भाषेतला ‘लाँग’ नावाचा पूर्णांक ३२ बिटांचा असतो, मशीन ६४ बिटांचं असलं तरी. नमपायनं आपला नेहमीचा पूर्णांक त्या ‘लाँग’वरून घेतला होता. त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा भरला की शून्यावर यायचा, तसा हा भरला की थेट उण्यात उतरतो. लिनक्स आणि मॅकवर ‘लाँग’ ६४ बिटांचा, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

नमपाय करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. मग दुरुस्त का केलं नाही? कारण त्या चुकीवर लोकांनी घरं बांधली होती. नमपायला आतून जोडलेली, सीमध्ये लिहिलेली असंख्य पॅकेजेस तो पूर्णांक ‘लाँग’ आहे असं धरून चालत होती. पाया सरळ करायचा तर वरच्या भिंतींना तडे जाणार. मोफत सॉफ्टवेअरच्या पुढच्या योजनेबद्दल बोलताना ‘नवीन काय येणार?’ एवढंच विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे: नवीन आणणं हा त्यातला सोपा भाग. जुनी चूक लोकांना न दुखावता कशी काढायची, यातच अशा योजनेचा कस लागतो.

१६ जून २०२४ला नमपाय २.० आलं. १.० आलं होतं ऑक्टोबर २००६मध्ये. पुढचा पूर्ण आकडा बदलायला साडेसतरा वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तो आळसानं गेला नाही. विंडोजवरचा पूर्णांक या आवृत्तीत ६४ बिटांचा झाला. मुख्य दारातून दिसणाऱ्या नावांपैकी सुमारे दहा टक्के नावं काढून टाकली. आणखी एक खोड मोडली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पूर्वी उत्तराचा प्रकार आकड्याच्या किमतीवर ठरायचा. आठ बिटांच्या ॲरेत २०० मिळवले तर उत्तर आठ बिटांचं, त्याच ओळीत ३०० मिळवले तर सोळा बिटांचं. ओळ तीच, आकडा वेगळा, मेमरीतली जागा वेगळी. आता तसं होत नाही. ३०० त्या प्रकारात मावत नाहीत, म्हणून नमपाय तिथेच एरर देऊन थांबतं. चुकीचं उत्तर देत पुढे जाण्यापेक्षा थांबणं केव्हाही चांगलं.

यातला एकही बदल रातोरात झाला नाही. अशा प्रत्येक मोठ्या बदलाचा आधी लेखी प्रस्ताव निघतो. त्याला ‘नेप’ म्हणतात. काय बदलायचं, का, कुणाचं काय मोडेल, मोडल्यावर त्यांनी काय करायचं, हे सगळं त्यात मांडलेलं असतं. तो कुणीही वाचू शकतो, कुणीही हरकत घेऊ शकतो. एखादी गोष्ट काढायची तर किमान दोन आवृत्त्या आधी, म्हणजे साधारण वर्षभर, वापरणाऱ्याला वॉर्निंग द्यायची हा लेखी नियम आहे. रस्ता खोदण्याआधी वर्षभर पाटी लावणारी महापालिका आपण पाहिलेली नाही. इथे ती शिस्त माणसं आपणहून पाळतात.

तरी २.०च्या आधीच एकदा लोकांचे प्रोग्रॅम बंद पडले. का पडले ते सांगतो.

नमपायमध्ये ‘एनपी डॉट इंट’ असं एक नाव होतं. पायथनच्या साध्या ‘इंट’लाच दिलेलं दुसरं नाव, निव्वळ गोंधळ वाढवणारं. जानेवारी २०२१मधल्या १.२०पासून ते वापरलं की वॉर्निंग यायला लागली. डिसेंबर २०२२मधल्या १.२४मध्ये ते काढलं. जवळजवळ दोन वर्षं पाटी लावलेली होती! आणि २०२३ उजाडल्यावर पायथनची नोटबुकं धडाधड बंद पडली, लोक ‘सांगितलं नाही’ म्हणून करवादले. सांगितलं होतं. पण आपल्याकडच्या कितीतरी नोटबुकांची पहिलीच ओळ असते ‘वॉर्निंग्ज इग्नोर’. सीनिअरच्या फाइलमधून ज्युनिअरकडे, क्लासच्या नोट्समधून सबमिशनमध्ये ती ओळ वारशासारखी येते. आउटपुट स्वच्छ दिसावं, सरांनी लाल अक्षरं पाहू नयेत, म्हणून. ही ओळ शिकवणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. दोन वर्षं कुणीतरी पोटतिडकीनं हाक मारत होतं आणि आपण कानात बोळे घालून बसलो होतो.

मागच्या बाजूचं काम तर दिसतही नाही. नमपाय आणि त्याची जोडीदार वैज्ञानिक लायब्ररी सायपाय बांधायची जुनी यंत्रणा पायथनच्या ‘डिस्ट्युटिल्स’वर उभी होती. ती पायथन ३.१२मधून जाणार हे आधीच जाहीर झालं होतं आणि ३.१२ची तारीख होती २ ऑक्टोबर २०२३. सायपायनं २०२२मध्येच मेसॉन नावाची नवी यंत्रणा घेतली. मेसॉनवर बांधलेलं नमपाय १.२६ आलं १६ सप्टेंबर २०२३ला. दोन आठवडे हातात राखून. त्या दोन ऑक्टोबरला तुमच्या लॅबमध्ये काहीच घडलं नाही, आणि हेच त्या कामाचं यश. नेमक्या अशाच कामाला टाळ्या मिळत नाहीत.

सायपायच्या पोटात कित्येक वर्षं १९८०च्या आसपासचं फोरट्रान होतं. समीकरणं सोडवणारं मिनपॅक १९८०चं, इंटिग्रेशन करणारं क्वाडपॅक १९८३चं. गणित अजूनही खणखणीत आहे, पण ते फोरट्रान वाचू शकणारी माणसं कमी होत चालली होती आणि नव्या मशीनवर ते बांधणं दरवेळी जिकिरीचं होतं. म्हणून एकेक पोथी उलगडून ती सीमध्ये पुन्हा लिहायचं काम हाती घेतलं गेलं. शेवटच्या दशांशापर्यंत उत्तरं ताडून पाहायची. अशा कामाला वर्षं लागतात.

आणि हे सगळं करतं कोण? नमपायला मालक कंपनी नाही. १९९५मधलं न्यूमेरिक आणि नंतरचं नमअ‍ॅरे अशा दोन तुकड्यांत विभागलेले लोक २००५मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट या प्राध्यापकानं एकत्र आणले, तेही स्वतःच लिहिलेलं मार्गदर्शक पुस्तक विकून खर्चाला हातभार लावत. १.० आलं २००६मध्ये. नमपायच्या विकासासाठी म्हणून पहिलं मोठं अनुदान मिळालं ते २०१७मध्ये, मूर फाउंडेशनकडून, सुमारे साडेसहा लाख डॉलर. मधल्या अकरा वर्षांत काय काय झालं ते आठवा. सप्टेंबर २०१५मध्ये लायगो वेधशाळेनं गुरुत्वीय लहरी पकडल्या, त्या विश्लेषणात नमपाय होतं. आणि अनुदानानंतर दोनच वर्षांनी, २०१९मध्ये, कृष्णविवराचं पहिलं चित्र जगानं पाहिलं, त्यातही होतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगोची भारतीय वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३मध्ये तिला २६०० कोटी मंजूर केले, ते योग्यच झालं. तिथल्या आकडेमोडीचा भार ज्या अवजारांवर येणार, ती सांभाळणाऱ्यांसाठी आपण किती राखून ठेवले?

कंपनीत साहेब काम वाटून देतो, तारीख लावतो. इथे योजनेच्या कागदावर लिहिलेल्या कामाला हात लागतो तो कुणी ‘मी करतो’ म्हटल्यावरच. म्हणून अशी योजना वाचताना मागण्यांची यादी वाचल्यासारखी वाचू नये. समोर किती हात आहेत आणि त्यांतला आपला कुठे आहे, हे बघावं.

आपण अगदीच रिकाम्या हातांचे नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं सायलॅब या मोफत गणिती सॉफ्टवेअरसाठी मोठं काम उभं केलं. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली, त्यांना मानधन दिलं. गावातल्या कॉलेजातल्या मुलीचं नाव त्या कामावर लागलं, याचं मोल मोठं आहे. त्रिमिती चित्रं काढणारं मायावी हे अवजार जगभर वापरलं जातं. ते लिहिणारे प्रभू रामचंद्रन आयआयटी मुंबईतच एरोस्पेस शिकवतात. म्हणजे बुद्धी कमी नाही. पण वापरणारे आपण लाखांत आणि पायाला हात लावणारे बोटांवर मोजण्याइतके, हे चालणार नाही.

माझी मागणी सरळ आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दरसाल लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम पुन्हा पुन्हा छापून घेण्यापेक्षा, नमपाय, सायपाय, सायलॅब किंवा त्याच्यासारख्याच ऑक्टेव्हमध्ये स्वीकारली गेलेली एक दुरुस्ती विद्यापीठांनी प्रोजेक्ट म्हणून मान्य करावी. बाहेरचा परीक्षक वीस मिनिटं व्हायवा घेतो. इथे ओळख ना पाळख अशी माणसं ओळ न् ओळ तपासतात, टेस्ट लिहायला लावतात, तीन-तीनदा परत पाठवतात. यापेक्षा कडक परीक्षा कुठल्याही कॉलेजात होत नाही. आणि महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बंद करून कॉलेजनं जो पैसा वाचवला, त्यातला थोडासा तरी ज्यांच्यामुळे वाचला त्यांच्याकडे जावा. नमफोकस ही संस्था अशा देणग्या घेते.

एवढंही जमणार नसेल तर एक दुपार द्या. नमपायची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि तिच्या आधी चाचणीची आवृत्ती येते. २.०ची चाचणी मार्च २०२४पासून सगळ्यांसाठी खुली होती. तेव्हा आपापल्या लॅबमधले प्रयोग तिच्यावर चालवून पाहिलेले शिक्षक मला अजून भेटायचे आहेत.

पुढच्या वेळी वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप इन्स्टॉल --प्री नमपाय’ करा. वर्षाच्या जर्नलमधले सगळे प्रयोग एकामागून एक चालवा. ‘वॉर्निंग्ज इग्नोर’ ही ओळ आधी काढा. जे मोडेल ते चार ओळींत, आकड्यांसकट, त्या लोकांना कळवा. पक्की आवृत्ती यायच्या आधी कळवलंत तर ते दुरुस्त करून देतात.