माळ्यावरची मॅक्स २००जी

अहो सुधाताई, जरा कुंपणापाशी या बघू. काल माळा आवरताना काय निघालं माहितीये? यांची कॉलेजातली रॅकेट! डनलॉप मॅक्स २००जी. काळीकुळकुळीत, आणि जड तरी केवढी! भंगारात देते म्हटलं, तर हे असे ओरडले की मला वाटलं शिडीच घसरली.

मग काय, चहा गार होईपर्यंत पुराण. तो पंचांशी भांडणारा मॅकेन्रो आठवतो ना? १९८१चं विम्बल्डन त्याने लाकडी रॅकेटने मारलं, पण १९८३ आणि १९८४ची हिच्यावर. स्टेफी ग्राफच्या हातातही हीच. १९८८ साली चारही मोठ्या स्पर्धा आणि वर ऑलिंपिकचं सोनं!

बाकीचे कारखाने म्हणे राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड सुरळीच्या वडीसारखं गुंडाळायचे, साच्यात घालून आतून हवेने फुगवायचे नि भाजायचे. सगळं हातकाम. डनलॉपने काय केलं, नायलॉनमध्ये कार्बनचे बारीक तुकडे मिसळून ते वितळवून साच्यात दाबून भरलं. आपल्या बादल्या-मग करतात ना, तसंच.

"मग आतून पोकळ कशी?"

अगदी हेच विचारलं मी! तर आत आधी धातूचा गाभा ठेवायचा, लवकर वितळणारा. भोवतीचं नायलॉन घट्ट झालं की सगळं तापवायचं, गाभा वाहून बाहेर.

"अगं, पण उकळतं नायलॉन ओततानाच तो वितळत नाही?"

नाही ना! धातू उष्णता भराभर पसरवतो. तो वितळायच्या आत नायलॉन थिजतं. पितळी मूर्ती ओतताना मेण जातं आणि धातू राहतो. इथे बिचाऱ्या धातूलाच घराबाहेर काढलंय.

"माझ्या भाच्यासमोर डनलॉपचं कौतुक नको हं. तो सांप्रासवाला. विल्सन प्रो स्टाफ, तीही कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर बनलेलीच हवी. पुढे तीच तैवानात झाली, चीनमध्ये झाली. पण सांप्रासला म्हणे बेटावरचीच लागायची."

म्हणजे रॅकेटचंही माहेर बघायचं!

बरं, हे आत्ताच गटिंग करून आणायला गेलेत. गुडघ्याचं दुखणं कुठे पळालं कोण जाणे. उद्यापासून तुमच्या अंगणात चेंडू आला, तर परत फेकू नका. ठेवूनच घ्या.